पाच नंबरची जागा

ही घटना शंभर टक्के खरी आहे. जिच्यावर ती गुदरली ती टॅमझिन आजही होबार्ट शहरातच राहते, आणि नदीवरच्या पुलावरून जाताना गाडीच्या काचा वर करून घेते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

एप्रिल २०११. गुरुवारची सकाळ, सहाला पाच-दहा मिनिटं कमी. डरवेंट नदी.

पण त्याआधीचे सहा आठवडे सांगायला हवेत.

टॅमझिन झीहानची. खाणीचं गाव, जेमतेम सातशे वस्ती. होबार्टच्या युनिव्हर्सिटीत आली तेव्हा ओळखीचं एक माणूस नव्हतं. पहिल्या आठवड्यात मैदानावर सगळ्या क्लबांचे तंबू लागले आणि या पोरीने अकरा ठिकाणी नाव दिलं. हॉकीवाल्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं. नेटबॉलवाल्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. तलवारबाजीच्या क्लबात ती तासभर भिंतीला टेकून उभी होती, कोणी नावही विचारलं नाही.

आईला फोनवर सांगायची, "मजेत आहे गं. खूप मैत्रिणी झाल्यात."

फोन ठेवला की उशीत तोंड खुपसायची.

आणि मग रोइंग क्लबातून फोन आला. मुलींच्या आठ वल्ह्यांच्या होडीत एक जागा रिकामी होती. पाच नंबरची.

"वल्हवता येतं का?" प्रशिक्षक डेस हॅडोने विचारलं. साठीचा, खरखरीत आवाजाचा माणूस.

"नाही. पण शिकेन. तुम्ही म्हणाल ते करेन... प्लीज, नाही म्हणू नका हो."

पहिल्या सकाळी सगळ्या होडीत बसल्या. शेपटाकडे बसून हुकूम सोडणारी प्रू ओरडली, "मोजा!"

निघण्यापूर्वी प्रत्येकीने आपापला नंबर सांगायचा असतो.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

टॅमझिनने तोंड उघडलं...

"पाच."

आवाज तिचाच होता. पण ती अजून बोललीच नव्हती.

"सहा," पुढची म्हणाली. कोणाच्या काही लक्षातच आलं नाही.

टॅमझिनने स्वतःची समजूत घातली. घाबरलो की असं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी होडी पाण्यात सोडायच्या आधी तिने खाली पाहिलं, तर कोरड्या जेट्टीवर ओल्या पावलांचे ठसे... नदीकडून येऊन थेट होडीच्या मधोमध थांबलेले.

परत जाणारा एकही नाही.

कोणाला सांगणार? आणि सांगून काय होणार, वेडी म्हणून काढून टाकलं असतं. आता कुठे चार नंबरची ब्रायोनी सराव संपला की तिच्या गळ्यात हात टाकायला लागली होती. "ए खाणवाली, चल लवकर! बेकन रोल गार झाले तर तुलाच खाईन मी."

एवढ्यासाठी टॅमझिन काहीही सोसायला तयार होती.

त्या गुरुवारी होडी मध्यावर पोचली आणि नदीच्या वरच्या अंगाच्या ब्रिजवॉटर गावाकडून धुकं उतरलं. पाच मिनिटांत स्वतःच्या वल्ह्याचं टोक दिसेना. सरावाला रोज सोबत असणारी डेसची मोटरबोट मागेच कुठेतरी राहिली.

"थांबा!" प्रू म्हणाली.

सगळं शांत...

आणि कुठल्याशा मोठ्या बोटीची लाट धुक्यातून आडवी आली. होडी पाण्याने भरली. दुसऱ्या लाटेत उलटली.

रोइंगच्या होडीत पाय बुटांत अडकवलेले असतात, आणि बूट होडीला पक्के. बाकीच्यांचे पाय सुटले. टॅमझिनचा उजवा पाय सुटेना.

काळोख. बर्फासारखं पाणी. उलट्या होडीच्या पोटात नाकापुरती हवा अडकली होती, तेवढ्यावर ती जगत होती.

बाहेरून प्रूचा आवाज आला. "मोजा! सगळ्या मोजा!"

"एक!" "दोन!" "तीन!" "चार!"

"मी इथे आहे!" टॅमझिन जिवाच्या आकांताने ओरडली. "मी आत आहे! मी सुटले नाहीये!" आवाज होडीच्या बुडाला आपटून तिच्याच कानात परत आला.

आणि बाहेर... अगदी स्पष्ट... शांतपणे...

"पाच."

"सहा!" "सात!" "आठ!"

"सगळ्या आहेत!" प्रू रडत म्हणाली. "देवा, सगळ्या आहेत!"

कोणी तिला शोधणार नव्हतं. शोधायचं कशाला? ती सापडली होती ना.

हवा कमी होत होती. तिने मुठीने ठोकायला सुरुवात केली. एकदा. दोनदा. बोटं बधिर झाली, तरी ठोकत राहिली. आई, आई, एवढंच मनात होतं. बाहेर मोटरबोटीची घरघर आली... थांबली. पाणी नाकाच्या वर गेलं.

बाहेर ब्रायोनी होडीला गाल लावून तरंगत होती. तिच्या गालाखाली काहीतरी धडकलं.

"अगं, सगळ्या बाहेर आहेत ना..." ती म्हणाली. "मग खालून कोण ठोकतंय?"

आणि तिने बुडी मारली.

टॅमझिनला शुद्ध आली ती हॉस्पिटलात. संध्याकाळी डेस आला. टोपी हातात चुरगाळत खुर्चीवर बसला.

"पोरी, मी तुला सगळ्यांत आधी वर घेतलं होतं."

"मला?"

"पाच नंबरला. दंडाला धरून उचललं. घोंगडीत गुंडाळून बोटीत बसवलं. चेहरा तुझाच. फक्त... ती कुडकुडत नव्हती. तेवढ्यात ब्रायोनी तुला घेऊन वर आली, किंचाळली. मी मागे वळून पाहिलं, तर नुसती ओली घोंगडी."

टॅमझिनने ओठ ओले केले. "पूर्वी कोणी बुडालं होतं का इथे?"

"तीस वर्षं आहे मी क्लबात. एकही नाही. आज दुपारी जुन्या वह्यासुद्धा पालथ्या घातल्या. कोणी नाही."

"काही बोलली ती?"

डेसने खिडकीबाहेर पाहिलं.

"माझा हात सोडत नव्हती. एकच विचारलं तिने... 'आता तरी मला टीममध्ये घ्याल ना?'"

टॅमझिनला भीती वाटायला हवी होती.

तिला हुंदका फुटला. का, ते तिला आजही सांगता येत नाही.