सरळ रेघ

आमच्या फळांच्या रसाच्या कारखान्यात साखर मोजायचं एक मशीन आहे. त्याचे जेवढे लाड होतात, तेवढे माझ्या घरात कुणाचे झाले नाहीत. त्याला वारा सोसत नाही, म्हणून त्या खोलीत पंखा लावत नाहीत. त्याच्या पोटात काचेचे दोन कप्पे आहेत. उजव्यात नुसतं पाणी कोंडलेलं असतं, डाव्यातून तपासायचा नमुना पाण्याबरोबर वाहतो. दोन्हींतून प्रकाशाचा एकच झोत जातो. डावीकडे साखर आली की झोत जास्त वाकतो आणि कागदावरची रेघ वर चढते. डावीकडच्या पाण्याला ऊब लागली तर रेघ खाली बसते.

"हे मशीन फक्त फरक बघतं," असं मला ह्यांनी शिकवलं. आधी ते माझे साहेब होते, मग नवरा झाले. अठरा वर्षं आम्ही याच खोलीत काम केलं. अकराच्या चहाला ते माझ्या खुर्चीशेजारी उभे राहत आणि डावा हात मशीनच्या झाकणावर, डाव्या कप्प्याच्या बाजूला टेकवत. रेघ खाली जाई. मी ओरडे. ते हात काढत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवत.

मागच्या वर्षी ते गेले. तीन आठवड्यांनी, बरोबर अकराला, नुसतं पाणी वाहत असताना रेघ खाली बसली. मग रोजच. मी बुडबुडे काढले, नळ्या बदलल्या, खोलीला बाहेरून कुलूप लावून पाहिलं. चहा संपायला लागतो तेवढा वेळ रेघ खाली राही आणि आपणहून वर येई. शेवटी मी तपासणं सोडून दिलं. खरं सांगते, मी अकराची वाट बघू लागले.

रोजची खाली गेलेली रेघ वरच्या साहेबांच्या नजरेस आली आणि त्यांनी दुरुस्तीवाला पाठवला. त्याने दोन दिवस मशीन खोललं, जोडलं.

"मॅडम, उद्याही रेघ खाली गेली तर मी बाद लिहून देतो. नवं येईल."

"आणि हे?"

"भंगारात. काय ठेवलंय त्यात?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मशीन गेलं तर ते यायचे कुठे? आणि रेघ सरळ आली, तर ते आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं असताना दुरुस्तीवाला दाराबाहेर फोनवर बोलत होता. मी हळूच म्हटलं, "अहो, आज तेवढी रेघ बिघडवू नका. एवढं ऐका माझं."

अकरा वाजले. दुरुस्तीवाला आत येऊन उभा राहिला.

रेघ सरळ. पाच मिनिटं, दहा मिनिटं. केसभरही हलली नाही.

"वाचलं तुमचं मशीन," म्हणत त्याने सही केली आणि पिशवी उचलून निघून गेला.

मला रडू कोसळलं. आयुष्यात एकदा त्यांनी माझं ऐकलं, आणि तेही आजच.

डोळे पुसून मी झाकणावर डावीकडे हात ठेवला. ऊब होती.

उजवीकडे ठेवला. तिथेही होती, तेवढीच.

दोन्ही कप्प्यांना सारखी ऊब लागली तर फरक उरत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

म्हणजे एक हात डावीकडे, एक उजवीकडे. आणि मधे, मशीनला खेटून, माझी खुर्ची.

मी मागे वळले नाही. पाठ जरा मागे टेकवली.

मानेवरचे केस हळूच हलले, थांबले, पुन्हा हलले.

आमच्या खोलीत पंखा लावत नाहीत.