तिसऱ्या भागातलं लग्न

"तिसरा भाग माझा!" असं म्हणत त्या माणसानं माझ्या हातातलं पुस्तक चक्क ओढलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोत, आमच्या वाचनालयात तीन भागांच्या कादंबरीचा एका वेळी एकच भाग घरी मिळतो आणि तिसऱ्या भागासाठी भल्या घरची माणसंही सभ्यपणा गुंडाळून ठेवतात.

"ओढू नका हो, फाटेल."

"मी ईस्टरपासून थांबलोय, बाईसाहेब."

"मग आणखी थोडं थांबा. बायका जन्मभर थांबतात, काही होत नाही त्यांना."

तो हसला. मला राग यायला हवा होता... आला नाही. ॲम्ब्रोझ पेल, नवा वकील, अशी त्यानं ओळख करून दिली. शेवटी समुद्रासमोरच्या बाकावर बसून दोघांनी मिळून वाचायचं ठरलं. वारा पानं उलटवत होता, म्हणून एक कोपरा त्यानं धरला, एक मी. बोटं जरा जास्तच जवळ आली. कुणीच हलवली नाहीत.

शेवटच्या पानावर त्यानं पुस्तक धाडकन मिटलं. "गाढव आहे हा लेखक! दोन भाग ही मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते, शाळा काढते, गिरणीमालकाला तोंडावर नाही म्हणते... आणि तिसऱ्यात त्याच मिशाळ माणसाशी लग्न करून शाळेला कुलूप? बायकांमधलं काही कळतच नाही ह्याला!"

"प्रकाशकानं दम दिला असेल. लग्न लावा, नाहीतर बाड परत न्या म्हणून."

"म्हणजे भित्राही आहे."

"भित्रा नाही!" मी तडकले. "जेवायला लागतं माणसाला!"

"फारच बाजू घेता त्याची. नात्यातला आहे का?"

"मीच आहे ते गाढव," मी म्हणाले. "वर पुरुषाचं नाव घातलंय, एवढंच. लोक वाचतात का, ते बघायला वाचनालयात येते."

त्यानं उठून टोपी काढली आणि माफी मागितली. पण ती माफी त्या दिवसापुरतीच. उन्हाळाभर तो रोज बाकावर येऊन माझ्या नव्या कादंबरीवर भांडायचा आणि मी रोज चांगली टोपी घालून भांडायला जायचे.

सप्टेंबरात, धक्क्यावर भुरभुर पाऊस लागला असताना, त्यानं छत्री माझ्यावर धरली, स्वतः भिजला आणि मला मागणी घातली.

माझा जीव 'हो' म्हणत होता. तोंडानं मी म्हणाले, "लग्न झालं की माझी पुस्तकं, त्यांचे पैसे, सगळं कायद्यानं तुमचं. खरं ना?"

"खरं... पण मी कधी हात लावणार नाही, डॉर्कस."

"तुम्ही लावणार नाही हो. पण लावू शकाल. मला कुणाच्या चांगुलपणावर जगायचं नाही. तुमच्यासुद्धा."

त्यानं छत्री माझ्या हातात दिली आणि पावसात निघून गेला. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. तत्त्व आणि माणूस, दोन्ही मला हवं होतं.

आठवडाभर त्याचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी तो आला तो थेट माझ्या केझाया आत्यासमोर एक करारनामा ठेवायला. माझी लिहिलेली आणि लिहायची सगळी पुस्तकं आत्याच्या नावे, फक्त माझ्यासाठी सांभाळायला. कुठल्याही नवऱ्याचा त्यावर हक्क नाही.

"म्हणजे हा पैशाला शिवला तर मी ह्याला कोर्टात खेचायचं?" आत्याचे डोळे चमकले. "अगं, मुलगा सोन्यासारखा आहे!"

"सही करा," ॲम्ब्रोझ माझ्याकडे न बघता म्हणाला. "मग मला नाही म्हणालात तरी चालेल. कागद लग्नासाठी अडून राहणार नाही. पुस्तकं तुमचीच राहतील."

मी सही केली. शाई वाळायच्या आत विचारलं, "मिस्टर पेल, माझ्याशी लग्न कराल?"

"डॉर्कस!" आत्या किंचाळली. "बाईमाणसानं विचारायचं नसतं!"

ॲम्ब्रोझनं कादंबरीतल्या लाजऱ्या मुलीसारखी मान खाली घातली. "मिस थ्वेट, हा माझा मोठाच सन्मान आहे... पण मला विचार करायला थोडा वेळ हवा."

मग त्यानं वर बघितलं. "झाला विचार. हो."