मामाचा बादलीभर समुद्र

चंद्रावरच्या तळाच्या खिडकीतून वर पाहिलं की पृथ्वी दिसते, आणि तिच्यावर समुद्रच समुद्र. एवढा समुद्र समोर असूनही शाल्मलीला बादलीभर खारं पाणी मिळत नव्हतं.

ते पाणी मामाला हवं होतं. मामा म्हणजे काचेच्या टाकीतला अंगठ्याएवढा खेकडा. तळावर लहान मूल एकच, शाल्मली. आई नव्या अंतराळवीरांना शिकवायला पृथ्वीवर गेलेली, आणि रसायनशास्त्रज्ञ आजोबा दिवसभर प्रयोगशाळेत. नातेवाइकांची अशी टंचाई, म्हणून तिने खेकड्यालाच मामा करून टाकलं. रोज सकाळी ती काचेवर टकटक करायची आणि मामा नांगीने टकटक करून उत्तर द्यायचा.

आता मामाने कात टाकली होती. मऊ, गुलाबी अंगाने तो वाळूत दडून बसला होता आणि उत्तर देत नव्हता. नवं कवच टणक व्हायला पाण्यात कॅल्शियम लागतं. टाकीतलं पाणी मात्र जुनं झालं होतं, पृथ्वीवरून आणलेलं समुद्री मीठ संपलं होतं आणि आई नवं मीठ घेऊन यायला अजून दोन महिने होते.

तरी शाल्मली निर्धास्त होती. गेल्याच महिन्यात आजोबांनी तिला घरगुती मिश्रणासाठी क्षार मोजून दिले होते: पुष्कळसं साधं मीठ, मॅग्नेशियमचे क्षार, चिमूटभर खायचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड (हवेतली ओल पिणारा पांढरा क्षार). वेगवेगळं ठेव, असं ते म्हणाले होते. पण आई मेतकूट एकाच बरणीत भरते, मग हे का नको? बाईसाहेबांनी सगळं एकत्र कालवून बरणी भाज्या पिकवायच्या भाजीघरातल्या फळीवर ठेवली होती.

आज ती बरणी उघडली तर आत दगड. तिने तो फोडून पाण्यात टाकला, कितीतरी वेळ ढवळला. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि तळाशी गाळ बसला. ती रडत आजोबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी थोडा गाळ वाळवून काळ्या पाटीवर घासला. पांढरी रेघ उमटली.

"हा खडू आहे," ते म्हणाले. भाजीघरातली हवा दमट. कॅल्शियम क्लोराइडने ती ओल पिऊन घेतली, त्या ओलीत कॅल्शियम आणि सोडा एकमेकांना भेटले आणि त्यांचा खडू झाला. खडू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे मामाचं कॅल्शियम तळाशी नुसतं पडून राहिलं.

"मग समुद्रात दोघं एकत्र कसे राहतात?" तिने डोळे पुसत विचारलं.

"तिथे पाणी भरपूर. प्रत्येकाला ऐसपैस जागा मिळते, आणि मॅग्नेशियम मध्ये पडून खडू होऊ देत नाही. कोरडे असताना दूर ठेवायचे आणि भरपूर पाण्यात भेटवायचे."

प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराइड जेमतेम एका बादलीपुरतं उरलं होतं. पुन्हा चुकलं तर मामा गेलाच. शाल्मलीने शुद्ध पाण्यात आधी मीठ विरघळवलं, मग मॅग्नेशियमचे क्षार, मग सोडा. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या भांड्यात विरघळवून तिने ते अगदी हळूहळू बादलीत ओतलं आणि आजोबांनी ढवळलं. पाणी नितळ राहिलं. क्षारतामापकाने (पाण्यातले क्षार मोजणाऱ्या नळीने) खारटपणा तपासून तिने टाकीतलं थोडं जुनं पाणी काढलं आणि नवं घातलं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. ती टकटक करायची आणि काच गप्प. जेवताना, झोपताना तिला आईची आठवण यायची, आणि आपली चूक आईला सांगायचीही लाज वाटायची. रिकाम्या हातांना काम म्हणून तिने उरलेले क्षार घट्ट झाकणांच्या वेगवेगळ्या बरण्यांत भरले. आजोबांनी चंद्राच्या खडकातून कॅल्शियम काढायला घेतलं. जमलं तर इथेच मोठं तळं करू, असं ते म्हणत होते.

एके सकाळी तिने सवयीने काच वाजवली आणि वळली. मागून आवाज आला. टक. टक.

ती धावत संदेशखोलीत गेली. आईला तिने खडूपासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "येताना मीठ आणू नकोस. ते आम्ही करतो. तू नुसती ये."

चंद्रावरून शब्द पोचायला जरा वेळ लागतो. पृथ्वीकडे पाहत ती उत्तराची वाट बघत राहिली.

"येते गं," आई म्हणाली.