बिनशिक्क्याचं गोल टेबल

त्या गुरुवारी दूध बाजाराच्या गल्लीत एक टेबल आडवं आलं.

टेम्पोतून उतरवताना ते उलटं झालं होतं. तीन वाकडे पाय आभाळाकडे, आणि त्यातला एक पाय धरून एक तरुण उभा होता, बाजारात बकरी धरून उभं राहावं तसा! नाझियाने स्कूटीचा हॉर्न वाजवला. एकदा… दोनदा…

"बाजूला घेता का?"

"कुणाला? टेबलाला की मला?"

"ज्याची किंमत कमी असेल त्याला!"

तो हसला आणि चटकन स्वतःच बाजूला झाला. वाट मोकळी झाली, पण आता नाझियाची स्कूटी हलेना. तिची नजर टेबलाच्या पोटावर खिळली होती. लोक फर्निचरचं तोंड बघतात. ती आधी पोट बघायची.

"कुठे नेताय हे?"

"भंगारात. आमच्या सटाण्याच्या घरात वाटणी झाली. थोरल्याला मळा, मधल्याला घर आणि मला हे. सगळे पोट धरून हसले."

"भंगारात? वेडे आहात की…" ती थबकली. "शनिवारी खाजा मिस्त्रींच्या दुकानात आणा. उद्या शुक्रवार, दुकान बंद."

"मिस्त्री बघतील?"

"मिस्त्रींची मुलगी बघेल," असं म्हणून तिने गाडी काढली. वळणावर आरशात पाहिलं, तर तो अजून टेबलाचा पाय धरून तिच्याच दिशेने बघत होता.

खाजा मिस्त्री जुनं फर्निचर दुरुस्त करायचे. एखादी वस्तू कुठली, किती जुनी, किती मोलाची, हेही कागदावर लिहून द्यायचे. त्यांच्या कागदाला नाशिकच्या बाजारात मान होता. पण सहा वर्षांपासून त्यांची नजर अधू झाली होती. पारख करायची नाझिया, मजकूर लिहायची नाझिया आणि खाली सही मात्र अब्बांची! "पोरीच्या सहीवर कोण भरवसा ठेवतो, बेटा?" ते मायेने म्हणायचे. मायेने म्हणायचे, म्हणूनच ते जास्त बोचायचं. एकदा तरी कागदाखाली आपलं नाव यावं, एवढंच तिला हवं होतं.

शनिवारी तो आला. नाव इमरान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. टेबल नवरदेवासारखं चमकत होतं. नाझियाने ते उलटं केलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी केलं?"

"मी!" तो अभिमानाने म्हणाला. "काल दिवसभर पॉलिश पेपरने घासलं, वर दोन हात वार्निश. म्हटलं, तुमच्यासमोर न्यायचं तर…"

"अहो, ज्या वस्तूवर कारखान्याचा शिक्का नाही, तिचं वय तिच्या मळात असतं! रंध्याचे ओरखडे, हातांचे डाग, सांधे चिकटवलेल्या जुन्या सरसाचे ओघळ. सगळे साक्षीदार मारून टाकलेत तुम्ही!"

इमरानचं तोंड एवढंसं झालं. तो असा काही उभा राहिला, की नाझियाला राग पुढे रेटता येईना.

"टेप धरा," ती म्हणाली. "आता आडवा… आता उभा. बघा, अर्ध्या इंचाचा फरक."

"म्हणजे हे गोल नाहीच? खोटं निघालं?"

"खरं निघालं! लाकूड लांबीत आखडत नाही, रुंदीत आखडतं. इतक्या वर्षांत अंग चोरून बसलंय बिचारं. नव्या टेबलाला हे जमत नाही." तिने कडेला पटाशीने बारीकशी कपची काढून त्याच्या नाकाशी धरली. "सागवान. येतो वास?"

त्याने डोळे मिटून वास घेतला. जरा जास्तच वेळ घेतला…

"पण कुठलं, ते आतला सांधा उघडल्याशिवाय कळणार नाही. आधी तुमचं वार्निश उतरवायला हवं. पंधरा दिवस लागतील."

"मीच चढवलंय, मीच उतरवतो," तो म्हणाला.

आणि तो खरंच येत राहिला. ड्यूटी सुटली की एकलहऱ्याची बस, बसमधून उतरला की दुकान, आणि दारातच आरोळी, "मिस्त्री, आज काय हुकूम?" पहिल्या दिवशी खाजा मिस्त्रींनी मान वर केली. पण इमरान नाझियाकडे बघत होता. तिला आजवर कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं. तिने घाईघाईने सरसाच्या डब्यात तोंड घातलं… गाल लपवायला दुसरी जागाच नव्हती.

पंधराव्या दिवशी सांधा उघडला. इमरानने टॉर्च धरला होता, आणि का कोण जाणे, उजेड सारखा थरथरत होता.

"हात का हलतोय?"

"थंडी शे…" त्याची सटाण्याची बोली निसटली. "म्हणजे, थंडी आहे."

"दुपारी दोनला?"

त्याने टॉर्च दोन्ही हातांनी धरला.  मग तिला आत बारीक, पिवळट खिळ्या दिसल्या.

"बांबू!" ती ओरडलीच. "घडण विलायती वाटते, पण विलायती कारागीर बांबूची खिळी कशाला मारेल? हे इथल्याच कुणा सुताराने केलंय. साहेबाचं टेबल एकदा पाहिलं असेल आणि घरी येऊन घडवलं असेल."

तेवढ्यात राज आला. जुन्या वस्तूंचा मोठा दलाल. टेबलाची बातमी त्याच्या कानावर गेली होती.

"नाझियाताई, फक्त 'विलायती' लिहा. मुंबईचं गिऱ्हाईक तयार आहे, दुप्पट देईल. शिक्का नाही? पितळेचा मी ठोकतो. खाजाभाईंची सही झाली की काम फत्ते."

खाजा मिस्त्रींनी सवयीने पेनाकडे हात नेला. नाझियाने पेन आधी उचललं.

"अब्बा, बघितलंय मी. लिहीनही मीच आणि सहीही माझीच."

तिने ठळक अक्षरात लिहिलं: 'सागवान. हातकाम. देशी. करणारा माहीत नाही.' आणि खाली सही केली, नाझिया खाजा मिस्त्री.

राज हसला. "बाईच्या सहीचा कागद? बाजारात रद्दीच्या भावाने जाईल!"

"मग रद्दीवाल्याकडे विका. शिक्का मात्र इथे लागणार नाही. ज्याने हे घडवलं, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव मी ठोकू देणार नाही!"

राज इमरानकडे वळला. "भाऊ, टेबल तुझं. तू बोल."

 इमरानने कागद उचलला, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि तो खिशात ठेवला.

"मला हाच कागद पाहिजे," तो म्हणाला. "मिस्त्रींनी लिहिलाय."

राज पाय आपटत गेला.  आता माघार घेणं नाझियाला जमणार नव्हतं.

"अब्बा, रविवारी सटाण्याला यांच्या घरी जा. सांगा, आमच्या मुलीला तुमचा मुलगा पसंत आहे."

इमरानच्या हातातला टॉर्च खाली पडला.

"मुलीकडून लग्नाचा पैगाम?" खाजा मिस्त्री चाचरले. "असं कुठे असतं का? लोक काय म्हणतील?"

"माझ्या सहीला म्हणतील तेच!"

"चाचा…" इमरान टॉर्च उचलायला वाकला आणि तसाच राहिला. "मी… म्हणजे माझी ना नाही. मला कुणी विचारलं नाहीये अजून, पण… ना नाही. रविवारी सुट्टी टाकतो मी."

नाझियाने ओढणीचं टोक दातांत धरलं. एवढा वेळ न घाबरलेली पोर आता कुठे लाजली.

खाजा मिस्त्रींनी चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला. एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्या पोराकडे.

"सटाण्याची पहिली गाडी," ते म्हणाले, "किती वाजता असते रे?"