गौरम्मांची मंजुरी

हिशोब सरळ होता. गेट-पासमधून माणसाची मंजुरी काढली की माझे लातूरचे हेलपाटे वाचणार, रेक्टर शरणम्मांचं डोकं वाचणार, आणि दीडशे मुलींच्या वसतिगृहाच्या मालकांचा एक पगार. तोटा कुणाचाच दिसत नव्हता. मी नांदेडचा, सॉफ्टवेअर बसवणारा. मला तोटा दिसायला लागला तर बिलं कशी व्हायची?

एआय एजंट पालकांचा मेसेज वाचायचा, पास बनवायचा, फाटक उघडायचा. फाटक उघडण्याआधी कुणाला विचारायचं, तो रकाना मात्र रिकामा ठेवता येत नव्हता. मी जुन्या रेक्टर गौरम्मांचा नंबर टाकला. हयातीत बाई प्रत्येक बापाची उलटतपासणी घेत. जानेवारीत वारल्या, सिम बंद. खाली नियम लिहिला: दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर मंजूर.

मेलेलं माणूस कशाला अडवतंय?

दोनशे बारा पास असेच सुटले. ऑगस्टातल्या एका दुपारी शरणम्मांचा फोन आला.

"सर, लुंबिनीचा चुलता आलाय न्यायला. मशीन नको म्हणून राहिलंय की."

लॉग उघडला. नाकारले. चार सेकंदांत. मंजुरी देणाऱ्यानेच भरायच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: चुलता हाय म्हणतो. पोरीच्या भावाचं नाव इचारा.

"भावाचं नाव विचारा त्याला," मी म्हणालो.

फोनमधून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"अय्यो, पळाला की ओ! कुणी अडवलं, सर? पाया पडते त्येंच्या."

सांगायचं काय? की मंजुरीला मी मेलेली बाई बसवली?

"सिस्टीमची चूक होती," मी म्हणालो. "दुरुस्त करतो."

गौरम्मांचा नंबर लावून पाहिला. बंदच होता. उद्या मालकांनी लॉग मागितला तर? मी त्यांचं नाव काढलं आणि नव्या अपडेटमध्ये आलेला पर्याय निवडला: नेहमी परवानगी.

पुढच्या बुधवारी सृष्टीचा मामा म्हणून कुणीतरी आला. फाटक उघडलं.

सृष्टी घरी पोचली नाही.

पोलिसांसाठी लॉग काढायला बसलो. फाटक उघडायला चार सेकंद लागले होते. त्या चार सेकंदांत अकरा ओळी.

नाकारले. नाकारले. नाकारले.

प्रत्येकीसमोर एजंटचं एकच उत्तर: या व्यक्तीला अधिकार नाही.

त्या अकरा ओळी गाळून मी कागद दिला.

पासवर रेक्टरचं नाव छापलं जातं, म्हणून शरणम्मांची नोकरी गेली. जाताना म्हणाल्या, "तुम्ही तर लुंबिनीला वाचवलंत, सर." सृष्टीचे आईवडील रेणापूरहून रोज येऊन फाटकाशी बसतात. माझं काय गेलं? बिलसुद्धा महिन्याच्या आत पास झालं.

एजंट मालकांनी कधीच बंद करायला लावला. तरी रोज संध्याकाळी सातला, हजेरीच्या वेळी, लॉगमध्ये एक ओळ वाढते.

एकशे एकोणपन्नास. एक कमी.