भरलेली जागा

जेवणं आटोपून ओट्यावर जमलेल्या पोरांना काकड्याकाका म्हणाले, "हसायचं तर आत्ताच हसून घ्या. सुकऱ्या माझा सख्खा साडू, आणि खोटं रचायला लागतं तेवढं डोकं देवाने त्याला दिलेलं नाही."

तलासरीला हायवेलगत ते नवं गोदाम आहे ना, बिनखिडकीचं? सुकऱ्या तिथे वॉचमन होता. आत सात मजली उंच रॅक, आणि जमिनीवर फिरणाऱ्या बिनड्रायव्हरच्या चपट्या गाड्याच सगळा माल वाहतात. आत माणूस नाही, म्हणून दिवाही नाही. दिवसाढवळ्या रात्र.

तो आमच्या गुरांचा माळ. मधोमध वाघोबाचा दगड होता. फरशी सपाट पाहिजे म्हणून साहेबांनी तो उचलून गेटवरच्या चौथऱ्यावर बसवला. सुकऱ्या चिडून म्हणायचा, "देवालापण वॉचमन केला यांनी!"

दिवाळीच्या तोंडावरची, गेल्या वाघबारशीची गोष्ट. शुक्रवार, रात्रीचे सव्वाआठ. वाघोबाला नारळ फोडायचा मान सुकऱ्याच्या घराचा. त्याच्या बायकोने, बायजीने बजावलं होतं, "गेटवरच फोड. आत गेलास तर नोकरी जाईल."

हा गडी पणती आणि नारळ घेऊन थेट आत. मागच्या दाराशी ओहोळ आहे. तिथून दगडाच्या जुन्या जागेपर्यंत बाप मोजायचा तशी एकशेबारा पावलं चालला. माणूस आत आला की गाड्या आपोआप थांबतात. तशा थांबल्या. त्याने खाली बसून पणती लावली.

आणि गाड्या सुरू झाल्या.

एक नाही. सगळ्या. चारी बाजूंनी... घर्र... घर्र...

हातभर अंतरावर आल्या. थांबल्या. गोल करून.

मग पाठीमागे... श्वास. गरम.

सुकऱ्या वळला नाही. आवाज चढवून म्हणाला, "पळणार नाय मी! वाघोबाची जागा हाय ही. नारळ फोडूनच जाईन!"

फोडला.

पणती विझली. श्वास... नव्हता.

दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. "गेली तर गेली," म्हणतो, "देवाला त्याच्या घरी तर नेलं!"

काकड्याकाका थांबले. "काय रे मिथुन, हसतोस होय? तू तर तिथेच कॉम्प्युटरवर बसतोस. सांग की सगळ्यांना, गोदामाच्या नकाशातला मधला तो एक चौकोन, नारळ फोडला तिथला."

मिथुनचं हसू गेलं होतं. "लाल आहे, काका. 'जागा भरलेली' दाखवतं. गाड्या वळसा घालून जातात. आत जाऊन बघितलं तर नुसती फरशी. मी रोज ती नोंद पुसतो..."

"आणि?"

"सकाळी परत भरलेली."