मॉडेम म्हणाला, हॅलो

मॉडेमच्या पोटातून माणसाचा आवाज आला, तेव्हा ठकीच्या हातातला चहा की-बोर्डवर सांडता सांडता राहिला.

“हॅलो?” मॉडेम म्हणाला. “हॅलो... कोण बोलतंय?”

ठकी डोळे फाडून त्या काळ्या डबीकडे बघत राहिली. तांबडे दिवे लुकलुकत होते. डबीतून आधी फोनचा गुंजारव यायला हवा होता, मग नंबर फिरवल्याची टुकटुक, आणि मग ती कानठळ्या बसवणारी किंचाळी. ती किंचाळी ऐकू आली की समजायचं, पलीकडच्या कंपनीच्या मॉडेमनं उचललं, इंटरनेट लागलं. पण हा तर चक्क एक पुरुष होता. आणि तोही वैतागलेला.

लाइन कटली. मॉडेमनं इमानदारीत पुन्हा तोच नंबर फिरवला.

“अहो, परत तुम्हीच का?” आवाज म्हणाला. “नुसतं टुं टुं काय करताय? बोला की काहीतरी!”

आता मात्र ठकीनं झडप घालून शेजारचा रिसीव्हर उचलला. एकाच लाइनवर मॉडेम आणि फोन दोन्ही लावलेले होते.

“हॅलो! सॉरी हं... मी नाही, माझा मॉडेम बोलत होता.”

“कोण?”

“मॉडेम. कॉम्प्युटरचा. त्याला इंटरनेटला फोन लावायला सांगितला होता, त्यानं तुम्हाला लावला.”

पलीकडे तो मोकळेपणानं हसला. छान हसला. “तरीच! मघापासून विचार करतोय, एवढ्या पक्क्या सुरात टुं करणारं माणूस कोण असेल... मी पियानो दुरुस्त करतो ना, कान तिकडेच जातो. घाबरलात का?”

“मी? छे!” ठकी म्हणाली. चहा बशीत सांडला होता.

घरात तिला सगळे ठकीच म्हणत. आई गेल्यापासून ‘सगळे’ म्हणजे बाबा आणि दादा, आणि दादाही आता नोकरीसाठी परदेशी गेलेला. जाण्याआधी त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. “याचं सगळं पोट उघडं असतं. अडलं तर कुणाच्या पाया पडायचं नाही, स्वतः आत डोकवायचं,” असं सांगून तो विमानात बसला, आणि इकडे अडायला सुरुवात झाली. कॉम्प्युटरच्या आतल्या मॉडेमला लिनक्सनं ओळखच दाखवली नाही. म्हणून ठकीनं ही बाहेरची डबी आणून जोडली. ती निदान दिवे तरी लावत होती.

आणि इंटरनेट तिला गमतीसाठी नको होतं. भाषांतराचं काम देणारी एक कंपनी तिला घरी बसून काम द्यायला तयार होती. कपडे धुण्याच्या मशीनपासून शिवणयंत्रापर्यंतच्या माहितीपुस्तिका. अट एकच, नमुन्याचं भाषांतर शुक्रवारी दुपारपर्यंत इंटरनेटवरून पोचायला हवं. नाही पोचलं, तर काकांच्या शहरातल्या ऑफिसातली नोकरी होतीच. काकांनी खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली होती. ती गेली असती, तर मागे बाबा एकटे राहिले असते. या गोष्टीवर बाप-लेक दोघंही एक शब्द बोलत नव्हते.

नंबर चुकला होता हे तिनं त्याच संध्याकाळी शोधलं. डायल करायच्या फाइलमध्ये दोन आकडे उलटे पडले होते. ते सुलटे केले, आणि मॉडेम खरोखरच किंचाळला! बाबा त्यांच्या डोलखुर्चीत झुलता झुलता दचकले. पडद्यावर ‘कनेक्ट’ हा शब्द उमटला... आणि लगेच लाइन तुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा वाचनालयात गेले आणि ठकीच्या मनात आलं, त्या बिचाऱ्याला सांगायला हवं, आता त्रास होणार नाही म्हणून. शिष्टाचार असतो माणसाला!

“हॅलो, मी मॉडेमवाली.”

“अरे वा! आज स्वतः बोलताय. मी म्हटलं, राँग नंबर एकदाच लागतो.”

“नंबर दुरुस्त केला, हे सांगायला केला होता फोन.”

“म्हणजे आता परत येणार नाही?” तो म्हणाला. आवाज जरासा उतरला होता, की ठकीला उगाच तसं वाटलं?

“तसं... सगळं दुरुस्त नाही झालेलं,” ती चटकन म्हणाली. “लागतो, पण तुटतो.”

“मग सांगा की! कॉम्प्युटरमधलं मला शष्प कळत नाही, पण ऐकायला बसलोच आहे.”

आणि मग रोज दुपारी तो खरंच ऐकायचा. मागे कुठलीतरी तार ट्यँव वाजायची, मधूनच त्याची आई काहीतरी विचारायची, आणि ठकी सांगत सुटायची. पासवर्ड एका फाइलमध्ये बरोबर होता, पण लिनक्स भलत्याच फाइलमध्ये बघत होतं. मग मॉडेमशी बोलायची परवानगी तिच्याच नावाला नव्हती. स्वतःच्या घरात स्वतःच्या मॉडेमशी बोलायला परवानगी! तो खो खो हसायचा. कुणाला तरी सांगू लागलं की गुंता आपोआप सुटतो म्हणतात, तसं व्हायचं. बोलता बोलता तिलाच सुचायचं.

“थांबा! सापडलं! ठेवते हं!”

“अहो पण मी काय केलं?”

“तुम्ही ऐकलंत ना!”

पण संध्याकाळ झाली की पहिले पाढे पंचावन्न. मॉडेम किंचाळायचा, ‘कनेक्ट’ म्हणायचा, आणि ठकीच्या जिवात जीव येतोय तोवर मान टाकायचा. ती पडद्याकडे, बाबा तिच्याकडे बघत बसायचे. ओळींवर ओळी वाचून तिचे डोळे दुखायला लागले होते. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य, लाइन तुटली. का तुटली ते सांगायला लिनक्सही तयार नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून पाऊस लागला होता. वाचनालय राहिलं, बाबा घरीच. दुपारी ठकीनं हळूच फोन फिरवला. आज तिच्या आवाजात गंमत नव्हती.

“उद्या दुपारपर्यंत पाठवायचंय. नाही जमणार वाटतं... मग मला जावं लागेल.”

“कुठे जावं लागेल?”

तिनं सांगितलं. काका, ऑफिस, खोली... सगळं. पलीकडची तार वाजायची थांबली.

“म्हणजे इथून?” तो म्हणाला. “गावातूनच?”

“हं.”

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस ताशा बडवत होता. आणि अचानक तो म्हणाला, “एक मिनिट. बोलू नका. अजिबात बोलू नका.”

“का? काय झालं?”

“शू! ...तुमच्या लाइनवर खरखर येतेय. याआधी नव्हती. ठेक्यात येतेय. खर्र... खर्र... अगदी सावकाश, तालात. तुमच्या घरात कुणी झुलतंय का?”

ठकीनं मान वळवली. बाबा डोलखुर्चीत डोळे मिटून झुलत होते. पुढे... मागे... पुढे. खुर्चीखालच्या सतरंजीखालून फोनची वायर भिंतीकडे गेली होती.

“बाबा,” ती म्हणाली, “जरा थांबता?”

“मी काय केलं?”

“थांबली!” फोनमधून आवाज आला. “खरखर थांबली!”

“बाबा, आता झुला.”

“अगं, काय चाललंय काय तुझं?”

“झुला ना!”

बाबा बापडे झुलले. “आली!” पलीकडून तो जवळजवळ ओरडलाच. “बाबांना सांगा, उत्तम ताल आहे!”

ठकीनं सतरंजी उचलली. खुर्चीच्या वाकड्या पायानं रगडून रगडून वायरचं कातडं सोलवटलं होतं, आतली तांब्याची तार उघडी पडली होती. खुर्ची झुलली की तारा एकमेकींना घासत, आणि मॉडेमचा धीर सुटे. दुपारी खुर्ची रिकामी असायची तेव्हा लाइन स्वच्छ असायची... पण तेव्हा ती मॉडेमला मिळत कुठे होती? तेव्हा ती राँग नंबरला दिलेली असायची! हे लक्षात आलं आणि ठकीचे कान तापले.

बाबा खाली मान घालून वायरकडे बघत होते. “तू बसलीस की मीही इथे बसायचो,” ते पुटपुटले. “काळजीनं झुलत बसायचो गं. तुझं काम व्हावं म्हणून... आणि मीच मोडत होतो होय!”

ठकीला हसूही आलं आणि रडूही. तिनं बाबांच्या गळ्यात हात टाकले. रिसीव्हर टेबलावर तसाच पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता, “हॅलो? हॅलो? सापडलं का?”

नवी वायर भिंतीच्या कडेनं घातली. शुक्रवारी सकाळी मॉडेम किंचाळला, ‘कनेक्ट’ म्हणाला आणि जागचा हलला नाही. भाषांतर गेलं. पुढल्या आठवड्यात काम आलं, आणि ते असं आलं, की ठकीला मान वर करायला फुरसत मिळेना. दिवसभर फाइली यायच्या, जायच्या. बाबा नव्या जागी निर्धास्त झुलायचे.

मात्र राँग नंबरचा फोन काही आला नाही. फोन ठेवतानाच्या घाईत तिनं त्याला “आभारी आहे” म्हटलं होतं आणि आपला नंबरही दिला होता. आता फोन करायचा तर काय सांगून करायचा? सगळं नीट चाललंय, हे काय कारण झालं? ...त्याला वाटलं असतं तर त्यानंच केला असता. नसेल वाटलं. ठकीनं शिवणयंत्राच्या पुस्तिकेत ‘दाब’ ऐवजी ‘ओढ’ लिहिलं, आणि मग स्वतःवरच चिडून खोडलं.

शेवटी एका दुपारी तिनं एक भलीमोठी फाइल उतरवायला लावली, ओढणी घेतली आणि बाबांना म्हणाली, “जरा बाहेर जाऊन येते.”

“पियानो घ्यायचा विचार आहे का?” बाबांनी पेपरमागून विचारलं.

ठकीनं चपला घातल्या.

पियानो दुरुस्त करणारं दुकान गावात एकच होतं. दार उघडंच. आत लाकडाचा आणि सरसाचा वास, भिंतीला टेकलेले उघड्या पोटाचे पियानो. एक उंच, सडसडीत माणूस पाठमोरा उभा होता. केसांत लाकडाचा भुसा, कानाला फोन. चाहूल लागली तसं त्यानं न वळताच हात वर केला, बसा, एक मिनिट.

“काय रे, लागला का?” आतून त्याच्या आईचा आवाज आला.

“नाही. आजपण एंगेज.”

“रोजच कसा रे एंगेज? कुणाशी बोलते एवढी?”

“काय माहीत,” तो म्हणाला. इतक्या उदास आवाजात, की ठकी बसायचं सोडून दोन पावलं पुढे झाली.

“नाहीच लागणार,” ती म्हणाली. “मॉडेम चालू ठेवून आलेय मी.”

रिसीव्हर त्याच्या हातात तसाच राहिला. तो वळला. बघत राहिला. ठकीही बघत राहिली. आवाजावरून तिला तो बुटका आणि गोलमटोल वाटला होता! ते डोळे मात्र... हसण्याला शोभतील असेच होते.

“तुम्ही... मॉडेमबाई?”

“रोज करत होता?”

“रोज. सकाळी, दुपारी, जमेल तेव्हा. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम...”

“आणि मला वाटलं, तुम्हाला आठवणच नाही.”

दोघंही एकदम हसले. आतली भांडी वाजायची थांबली होती. आई कान देऊन उभी असणार.

“मला काहीतरी विचारायचं होतं,” तो म्हणाला. “म्हणून करत होतो फोन. सगळं ठरवून ठेवलं होतं, कसं विचारायचं ते. पण असं समोरासमोर... फोनवर सोपं असतं हो.”

“मग पाठ फिरवा,” ठकी म्हणाली.

“काय?”

“तिकडे तोंड करा. समजा फोनवरच आहोत.”

तो शहाण्या मुलासारखा वळला. पियानोच्या तारांकडे बघत त्यानं घसा खाकरला. मानेवर भुशाचा एक कण चिकटला होता. तो झटकावासा वाटून ठकीनं हात मागे बांधून घेतले.

“हॅलो,” तो म्हणाला.

“हॅलो.”

“मी... तुमच्या बाबांना भेटायला येऊ का? दुरुस्तीचं काही काम नाही. नुसताच. म्हणजे... नुसताच नाही.” तो थांबला. “तुमच्या आवाजावाचून मला दुपारी कामच सुचत नाही. आणि मला वाटतं, आता संध्याकाळीही सुचणार नाही.”

ठकी त्याच्या मानेवरच्या त्या कणाकडे बघत राहिली. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“हॅलो?” तो घाबरून म्हणाला. “तुटली का लाइन?”

“नाही,” ती म्हणाली. “ऐकतेय.”

“मग? येऊ?”

“या. आजच या. मी आत्ता निघालेच आहे, बरोबरच जाऊ.”

तो तसाच पाठमोरा. कान तेवढे लाल झालेले.

“आता वळू का?” त्यानं हळूच विचारलं.

ठकीनं पुढे होऊन त्याच्या मानेवरचा भुसा झटकला.

“वळा,” ती म्हणाली.